कुकडी ते ज्वालापुरम: राखेच्या एका थराचा माग

जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा जो थर आहे, त्याचे वय किती, या प्रश्नाला आजवर निदान चार वेगवेगळी उत्तरे मिळालेली आहेत. १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने ते सुमारे १४ लाख वर्षे ठरले, १९९५ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ६ लाख ७० हजार वर्षे ठरले, त्याच वर्षी राखेतील काचकणांच्या रासायनिक घटकांवरून ते ७५ हजार वर्षांवर आले आणि २०११ मध्ये काही संशोधकांनी ते पुन्हा ८ लाखांच्या आसपास असावे असे मांडले. या राखेच्या सान्निध्यात अश्युलियन परंपरेतील दगडी हत्यारे, म्हणजे हातकुऱ्हाडी आणि फरश्या, सापडलेल्या असल्यामुळे आपल्या भागात माणूस कधीपासून वावरत होता, याचे उत्तर बऱ्याच अंशी या राखेच्या ओळखीवर अवलंबून आहे.

महाविद्यालयात भूशास्त्र शिकवताना मी हा विषय अनेक वर्षे फळ्यावर आकृत्या काढून समजावत आले. माझी एक विद्यार्थिनी सध्या अशा राखेतील कृष्ण अभ्रकावर, म्हणजे बायोटाइटवर, संशोधन करते. तिला बोरी, मोरगाव आणि आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम अशा तिन्ही ठिकाणचे थर एका दमात, डोळ्यांत ताजे असतानाच, एकमेकांशी पडताळून पाहायचे होते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी आणि तिचा एक सहाध्यायी असे तिघे निघालो.

पहिला दिवस: बोरी

पुण्याहून पहाटे निघून नारायणगावमार्गे आम्ही दहाच्या सुमारास आळेफाट्याला पोहोचलो. थंडी चांगलीच होती आणि उसाच्या फडांवर धुके अजून रेंगाळत होते. लवकरच्या जेवणात मासवडी आणि बाजरीची भाकरी मिळाली. या भागात आलेल्या माणसाने मासवडी खाल्ल्याशिवाय परतू नये असे माझे मत आहे, कारण ती इतक्या झणझणीत रश्शासोबत अन्यत्र क्वचितच मिळते.

बोरीत पोहोचल्यावर पहिली निराशा वाट पाहत होती. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे टाकलेले असल्यामुळे पाणी फुगून काठाला लागले होते, आणि राखेच्या थराचा तळ, म्हणजे आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग, त्या पाण्याखाली गेला होता. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ आणि त्याखाली पाण्याच्या रेषेला टेकलेली राखेची जेमतेम वीतभर फिकट पट्टी, एवढेच काय ते दिसत होते. भूशास्त्राच्या दृष्टीने बोरीला जाणाऱ्याने एप्रिलअखेर किंवा मे महिना निवडावा. हिवाळ्यात हवा सुखद असली तरी थर दिसेलच याची खात्री नाही.

आम्ही काठावर उभे असताना शेजारच्या कांद्याच्या वाफ्यात पाणी देणारे एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. त्यांना सगळे आबा म्हणतात, असे नंतर कळले. आम्ही कशासाठी आलो आहोत हे ऐकून ते म्हणाले, "ती पांढरी माती व्हय? हितं पाण्यात कशाला बघता? आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला ओघळ हाय, तिथं उघडीच पडलीय. पण आज नको, उन्हं उतरली. बिबट्या फिरतो उसातून. सकाळी या." त्यांचा सल्ला आम्ही तंतोतंत पाळला. या पट्ट्यात उसाच्या कडेने संध्याकाळी फिरू नये, ही सूचना येथे येणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावी.

दुसरा दिवस: ओघळीतला थर

सकाळी आठला आबा बांधावर उभे होते. त्यांच्या शेताच्या कडेने पावसाच्या पाण्याने कापत नेलेली सुमारे दीड पुरुष खोल ओघळ होती आणि तिच्या उजव्या भिंतीत, साधारण कमरेच्या उंचीवर, राख होती.

ज्वालामुखीची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ असेल, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ती जळून उरलेली वस्तू नाही. ती काच आहे. जमिनीखालच्या शिलारसात विरघळलेले वायू दाब कमी होताच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतात, शिलारसाचा फेस होतो आणि उद्रेकाच्या क्षणी तो फेस फुटून बुडबुड्यांच्या भिंतींचे तुकडे आकाशात फेकले जातात. खुरप्याने भिंतीचा वरचा पाव मीटर भाग खरवडून काढल्यावर आतली स्वच्छ, राखाडी झाक असलेली पांढरी राख मी चिमटीत घेतली. ती वजनाला हलकी होती, परंतु बोटांवर घासताच बारीक कुरकुर जाणवली. दहापट भिंगातून पाहिले तेव्हा किंचित वाकलेले, पारदर्शक कपचे दिसले. काहींच्या पाठीवर तीन बुडबुडे जिथे एकत्र आले होते तिथली तीन फाट्यांची शीर स्पष्ट होती. तळहात उन्हात हळूहळू कलता केला, तेव्हा त्या फिकट पुडीत मधूनच एखादा तांबूस काळा ठिपका लखकन चमकून जाई. तेच आमचे बायोटाइट.

अशा ठिकाणी जाणाऱ्याने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी कुपी जवळ ठेवावी. नदीच्या गाळात चुनखडीचे पांढरे पट्टेही असतात आणि दुरून ते राखेसारखेच दिसतात. आम्लाचा थेंब पडताच चुनखडी फसफसते, राख मात्र शांत राहते. आबांना हा प्रयोग फार आवडला आणि त्यांनी तो स्वतःच्या हाताने चार ठिकाणी करून पाहिला. त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच: "म्हंजे ही आपल्याच डोंगरातली राख? आपला सह्याद्री ज्वालामुखीचाच ना?"

सह्याद्री ज्वालामुखीचाच आहे, परंतु ही राख त्याची नाही. दख्खनच्या पठाराचे काळे कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून आले. त्या बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण ५० टक्क्यांच्या आसपास असते, तर बोरीच्या काचकणांत ती ७६-७७ टक्के भरते आणि पोटॅशियम ऑक्साइड ५ टक्क्यांच्या जवळ असते. असा चिकट, सिलिकायुक्त शिलारस सुमात्रा बेटावरील टोबा या महाज्वालामुखीचा आहे. आज तेथे सुमारे १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद असा तलाव आहे. तो उद्रेकानंतर जमीन खचून तयार झालेल्या खळग्यात साठला आहे. तेथून बोरी ३ हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. आबा थोडा वेळ थराकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढ्या लांबून आली, आन् आम्ही तिनं तांब्याची भांडी घासली."

टोबा एकदाच फुटला असता, तर प्रश्न इथेच मिटला असता. परंतु त्याचे किमान तीन फार मोठे सिलिकायुक्त उद्रेक ज्ञात आहेत: सर्वांत जुना सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा, मधला सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीचा आणि शेवटचा, सर्वांत प्रचंड, सुमारे ७४-७५ हजार वर्षांपूर्वीचा. पोटॅशियम-आर्गॉनसारखी पद्धत नदीतील राखेच्या ढोबळ नमुन्यावर वापरली, तर मोठा धोका असतो, कारण सभोवतालच्या कोट्यवधी वर्षे जुन्या कातळाची थोडीशी वाळू त्यात मिसळली असली तरी वय वर खेचले जाते. म्हणून एकेका कणाचे रासायनिक पृथक्करण करणे हा अधिक विश्वासाचा मार्ग ठरला. १९९५ आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी काचकणांच्या आधारे भारतातील टोबाची सर्व राख शेवटच्या उद्रेकाची असल्याचे मांडले.

येथे खरी अडचण अशी की, हे तिन्ही उद्रेक एकाच घराण्यातले असल्यामुळे त्यांच्या काचेतील मुख्य घटक एकमेकांशी विलक्षण जुळतात. सिलिका, ॲल्युमिना, पोटॅशियम यांच्या आकड्यांवरून सर्वांत जुना आणि सर्वांत तरुण उद्रेक वेगळे ओळखणे कठीण जाते. त्यासाठी बेरियम, स्ट्राँशियम यांसारखी अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्ये मोजावी लागतात, किंवा मग काच सोडून खनिजांकडे वळावे लागते. काच म्हणजे उद्रेकाच्या अखेरच्या क्षणी गोठलेला शिलारस. खनिजांचे स्फटिक मात्र त्याआधी दीर्घकाळ शिलारसाच्या कोठारात वाढत असतात, आणि त्या कोठारातील तापमान, लोह व मॅग्नेशियम यांचे प्रमाण, फ्लोरीनसारख्या वायुरूप घटकांची उपलब्धता यांची नोंद आपल्या जडणघडणीत ठेवतात. २०११ मध्ये टोबाच्या बायोटाइटवर झालेल्या कामाने हेच दाखवले: लोह-मॅग्नेशियमचे गुणोत्तर आणि फ्लोरीन यांच्या साहाय्याने शेवटच्या उद्रेकाचे बायोटाइट आधीच्या उद्रेकांपासून वेगळे काढता येते. शिवाय बायोटाइट पापुद्र्यांच्या रूपात असते, आणि पापुद्रा हवेत तरंगत फार लांब जाऊ शकतो, म्हणूनच ते हजारो किलोमीटरवरच्या राखेतही सापडते.

आम्ही थराच्या तळातून, मध्यातून आणि माथ्यातून मूठमूठ राख तीन वेगळ्या पिशव्यांत घेतली. तळाचा नमुना नेहमी वेगळा ठेवावा, असा माझा आग्रह असतो. आकाशातून थेट पडलेली राख काही सेंटीमीटरच असते. वरची जाडी आजूबाजूच्या उतारांवरून पाण्याने वाहून आणलेल्या राखेची असते आणि तिच्यात परका माल मिसळलेला असण्याची शक्यता वाढत जाते. पिशवीवर लिहिलेली शाई ओल लागून पुसली जाते, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली कागदी चिठ्ठी पिशवीच्या आतही टाकावी. आणि भिंतीत दगडी हत्यार दिसले, तर ते काढू नये. जागेवरून हलवलेल्या हत्याराचा थराशी असलेला संबंध कायमचा तुटतो.

निघताना आबांच्या घरी चहा झाला. चहा ओतता ओतता आजींनी विचारले, "तुमी नेलेल्या मातीचं उत्तर आम्हाला कळंल का?" कळवीन, असा शब्द मी दिला.

तिसरा दिवस: निघोज आणि मोरगाव

बेल्हे, अळकुटीमार्गे निघोजला पोहोचलो. येथे कुकडीने बेसॉल्टच्या कातळात कोरलेले रांजणखळगे आहेत, आणि ते पाहणे आमच्या विषयाला सोडून नव्हते. पुराच्या पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी ज्या नदीने इतका कठीण कातळ पोखरला, तिने आपल्याच काठावरचा मऊ गाळ किती वेळा कापला आणि पुन्हा भरला असेल, याची कल्पना तेथे उभे राहिल्यावर येते. मळगंगेच्या मंदिराजवळून खाली उतरताना कडा गुळगुळीत झालेल्या आहेत; पकड असलेल्या चपला किंवा बूट हवेतच.

शिरूर, चौफुला, सुपे करत दुपारी मोरगाव गाठले. मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, याच गावच्या कऱ्हा नदीच्या काठावरही टोबाची राख आहे आणि डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा, सुषमा देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उत्खनन करून अश्युलियन हत्यारे उजेडात आणली आहेत. मोरगावच्या गाळाने या वादाला आणखी एक धार दिली. तेथील काही थरांत चुंबकीय दिशा आजच्या उलट असल्याची नोंद झाली. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शेवटचे पूर्णपणे उलटून आजच्या स्थितीत आले ते सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. म्हणजे हा गाळ त्याहून जुना असला पाहिजे, आणि राख त्याच गाळाचा भाग असेल, तर ती शेवटच्या उद्रेकाची असू शकत नाही.

"असेल, तर" या दोन शब्दांवर आम्ही कऱ्हेच्या काठी जवळपास दोन तास बोललो. नदी जुन्या गाळात खोल पात्र कापते, त्या कापलेल्या खोलगट भागात पुष्कळ नंतर नवा गाळ आणि राख भरते, आणि हजारो वर्षांनी काठ पुन्हा उघडा पडतो, तेव्हा जुना आणि नवा गाळ शेजारी शेजारी, एकाच पातळीवर दिसतात. दोहोंमधली कापलेली सीमा मातीने झाकलेली असेल, तर पाहणाऱ्याला सारा काठ एकसंध वाटतो. याउलट, राख खरोखरच जुन्या गाळात थरांच्या क्रमाने बसलेली असेल, तर रसायनशास्त्राच्या निष्कर्षाला पुन्हा तपासून पाहावे लागेल. विद्यार्थिनीचे म्हणणे असे पडले की, थरांचा क्रम आणि कणांचे रसायन यांपैकी कोणा एकावर विसंबून हा प्रश्न सुटणार नाही. मला ते पूर्णपणे मान्य आहे. मी स्वतः काचकणांच्या पुराव्याकडे झुकलेली आहे, तरीही मोरगावचा काठ पाहिल्यावर विरुद्ध बाजूच्या मांडणीबद्दलचा माझा आदर वाढला.

येथे राख थोडीच मिळाली आणि तीही कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, मिसळलेली. संध्याकाळी रस्त्याकडेच्या शेतात ज्वारीचा हुरडा भाजत होता. शेतमालकाने आम्हा अनोळखी माणसांना आपुलकीने बसवून घेतले आणि गरम हुरड्यावर शेंगदाण्याची चटणी वाढली.

चौथा दिवस: रेल्वेत

दौंडहून गुंतकलपर्यंतचा प्रवास विनातक्रार झाला. वाटेत विद्यार्थिनीने एक प्रसंग सहाध्यायाला समजावून सांगितला, तो येथे नोंदवण्याजोगा आहे. राख कोट्यवधी वर्षे जुनी झाली की तिची काच टिकत नाही; ती बदलून चिकणमाती होते. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे असे दोन मोठे थर प्रसिद्ध आहेत, एक उत्तर अमेरिकेतला मिलब्रिग आणि दुसरा स्वीडनमधला किनेकुले. दोन्ही एकाच महाउद्रेकाचे, तेव्हाच्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर पडलेले, असे बरीच वर्षे मानले जात होते. काच उरलेली नसल्यामुळे तपासायचे काय, तर मातीत तग धरून राहिलेले ॲपेटाइट या खनिजाचे बारीक स्फटिक. २०११ मध्ये त्यांच्या घटकांवरून दिसून आले की, हे दोन थर वेगवेगळ्या उद्रेकांचे आहेत. जाडी, स्थान आणि अंदाजे वय जुळत असूनही ओळख चुकू शकते, हे यापेक्षा स्पष्ट कोणते उदाहरण दाखवील?

पाचवा दिवस: ज्वालापुरम

गुंतकलहून गाडी करून बनगानपल्लेमार्गे आम्ही जुर्रेरू नदीच्या खोऱ्यात उतरलो. पूर्वी कर्नूल जिल्ह्यात असलेला हा भाग आता नंद्याळ जिल्ह्यात आहे. भोवती चुनखडक आणि क्वार्टझाइटचे सपाट माथ्याचे डोंगर, मध्ये रुंद दरी आणि त्या दरीच्या तळाशी शेतांमधून डोकावणारे पांढरे खड्डे. बोरीला वीतभर पट्टीसाठी झटलेल्या आम्हाला येथे राखेच्या माणसापेक्षा उंच भिंती सामोऱ्या आल्या. काही जागी हा थर अडीच मीटरच्या आसपास जाडीचा आहे.

भांडी घासण्याच्या आणि धुण्याच्या पावडरीत मिसळण्यासाठी ही राख खोदून नेली जाते. खाणीमुळेच थर उघडे पडले आणि खाणीमुळेच ते नाहीसेही होत आहेत. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे रवी कोरीसेट्टर आणि मायकेल पेट्राग्लिया यांच्या चमूने येथे उत्खनन केले. राखेच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही गाळांत त्यांना मध्य पुराश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली, आणि दोन्हींतील घडणीत फार मोठा फरक नव्हता. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा टोबाच्या उद्रेकाने माणूस जवळजवळ नामशेष झाला होता या कल्पनेवर मोठे प्रश्नचिन्ह उमटले. या युक्तिवादाचा सगळा डोलारा, मधली राख शेवटच्याच उद्रेकाची आहे, या एका ओळखीवर उभा आहे. येथे काचकण, बायोटाइट आणि गाळाचे प्रकाशदीप्ती पद्धतीने, म्हणजे त्यातील कणांवर शेवटचे ऊन कधी पडले ते मोजून, काढलेले वय या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात, म्हणून ज्वालापुरमची राख इतर ठिकाणच्या राखेशी तुलना करण्यासाठी आधार म्हणून धरता येते.

खड्ड्यात काम करणाऱ्या एका तरुणाने आम्हाला मोडक्यातोडक्या हिंदीत सगळा परिसर दाखवला. राखेला तो "बूडिद" म्हणत होता. कुठली राख "गोड", म्हणजे वाळू नसलेली, हे तो मुठीत दाबून सांगे. आम्ही भिंगातून पाहिले तेव्हा प्रत्येक वेळी त्याचे बरोबर निघाले. खालची राख सर्वांत गोड असते, हे त्याचे अनुभवाचे वाक्य आमच्या शास्त्राशी नेमके जुळणारे होते. दुपारी त्याच्या आईने आम्हाला जेवायला बसवले. जोन्न रोट्टे, म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच, परंतु थोडी पातळ आणि कडक, सोबत भुईमुगाची चटणी आणि वांग्याची भाजी. भाषेवाचून काही अडले नाही.

येथे जाणाऱ्यांनी खड्ड्याच्या भिंतीखाली बसू नये, ती राख कोरडी असताना न सांगता कोसळते. नाकातोंडावर कापड असावेच, कारण हवेत उडणारी धूळ काचेची आहे.

सहावा दिवस: पावसानंतरची भिंत

रात्री अवकाळी सरी कोसळल्या आणि सकाळी परतीच्या आधी एकदा खड्डा पाहून येऊ, म्हणून आम्ही गेलो. या प्रवासातील सर्वांत मोठे आश्चर्य तेथे होते. आदल्या दिवशी एकसारखी पांढरी दिसलेली भिंत आता बारीक बारीक रेघांनी भरून गेली होती. बारीक कणांच्या पट्ट्यांनी पाणी धरून ठेवले होते आणि त्या गडद दिसत होत्या. जाड कणांच्या पट्ट्या वाळून उजळल्या होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे पाण्याने उतारावरून आणून पसरलेला एक पदर. आणि अगदी तळाशी, खालच्या तपकिरी मातीला चिकटून, चार बोटे जाडीची एक पट्टी होती जिच्यात एकही रेघ नव्हती. ती वाहून आलेली नव्हती; ती आकाशातून पडलेली होती. विद्यार्थिनीने सुरी स्वच्छ पुसून त्या पट्टीतून नमुना घेतला. कोणीच काही बोलले नाही.

तीन आठवड्यांनंतर: प्रयोगशाळा

राखेतून बायोटाइट वेगळे काढण्याची एक जुनी युक्ती आहे. धुऊन वाळवलेली राख गुळगुळीत कागदावर पसरावी, कागद थोडा तिरपा करावा आणि मागून हलकेच टिचक्या माराव्यात. गोलसर कण घरंगळत खाली जातात, चपटे पापुद्रे कागदाला धरून मागे राहतात. ते ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलून राळेत बसवायचे, आरशासारखे घासायचे, कार्बनचा मुलामा द्यायचा आणि मग इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबखाली ठेवायचे. यंत्रातील इलेक्ट्रॉनांचा झोत कणावर पडला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडते, आणि त्यांच्या तीव्रतेवरून त्याचे प्रमाण कळते. झोत फार एकवटलेला असेल, तर त्याच्या उष्णतेने फ्लोरीन आणि सोडियम जागेवरून सरकतात, म्हणून तो थोडा पसरवून वापरावा लागतो.

पहिली चाळणी पोटॅशियमची. ताज्या बायोटाइटमध्ये पोटॅशियम ऑक्साइड साधारण ९ टक्के असते. मातीतल्या पाण्याने पापुद्रे कुजू लागले की ते निघून जाते आणि मग लोह-मॅग्नेशियमच्या आकड्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. ज्वालापुरमच्या तळपट्टीतील पापुद्रे या चाळणीतून उत्तम रीतीने पार पडले. आलेखावर त्यांचे बिंदू एकामागून एक, शेवटच्या उद्रेकाच्या प्रसिद्ध झालेल्या आकड्यांच्या क्षेत्रात पडत गेले. मोरगावच्या नमुन्यात मोजण्याजोगा एकही पापुद्रा निघाला नाही. बोरीच्या ओघळीतून मिळालेल्या पापुद्र्यांपैकी बहुतेकांतले पोटॅशियम निम्म्यावर आलेले होते. फक्त चार पापुद्रे ताजे ठरले. ते चारही त्याच क्षेत्राच्या आत किंवा कडेला पडले. विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर आनंद उमटला, आणि पुढच्याच क्षणी तिने स्वतःच वहीत लिहिले: "चार. अपुरे." तिचे लिहिणे योग्य होते. ज्या प्रश्नावर पस्तीस वर्षे विद्वानांचे एकमत झालेले नाही, त्याचा निकाल चार पापुद्र्यांवर देता येत नाही, आणि ओघळीतला तो थर वाहून आलेल्या राखेचा असण्याची शक्यताही आम्ही नाकारू शकत नव्हतो. हवा होता तो काठावरचा, पाण्याखाली गेलेला तळ.

आजींना शब्द दिला होता, म्हणून मी आबांना फोन करून हे सगळे सांगितले: की राख सुमात्राचीच आहे, ती बहुधा ७५ हजार वर्षांपूर्वीची असावी असे आमच्या थोड्याशा पुराव्यावरून वाटते, परंतु खात्रीने सांगण्यासाठी खालच्या थरातली राख लागेल. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि नदीचे पाणी उतरले की कळवतो म्हणाले.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, बर्गे काढल्यात. पांढरी माती पार खालपर्यंत उघडी पडलीय. पाऊस यायच्या आत या."